महाकालीची पायवाट
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चैत्र लागला की आम्हा चंद्रपूरकरांना पंचांग उघडावं लागत नाही. बल्लारपूर रोडवर भल्या पहाटे हलगीचा आवाज यायला लागतो, कपाळावर मळवट भरलेल्या, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका दिसायला लागतात, आणि त्यांची बोली कानावर पडली की कळतं, मराठवाडा आला. नांदेड, परभणी, हिंगोली, शिवाय पलीकडचं आदिलाबाद. चैत्र शुद्ध षष्ठीपासून पौर्णिमेपर्यंत महाकालीची यात्रा भरते. झरपट नदीच्या काठानं चुलीच चुली पेटतात. गंमत अशी, की गावच्या माणसाला या देवीचं जेवढं अप्रूप नाही तेवढं दोनशे-अडीचशे किलोमीटरवरून येणाऱ्या या माणसांना आहे. चंद्रपूरचा माणूस बाजारात जाता जाता मंदिरात डोकावून येतो. नांदेडकडची बाई त्यासाठी वर्षभर पदराला गाठ मारून पैसे साठवते.

आज मला देवीबद्दल नाही, तिच्याकडे येणाऱ्या वाटेबद्दल बोलायचं आहे. देवीबद्दल बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत आणि मी पडलो नमाजी माणूस. माझा अधिकार वाटेपुरता. तो मात्र मी सोडणार नाही, कारण ही वाट आमच्या दारावरून जाते.

आधी थोडा इतिहास. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. खांडक्या बल्लाळशहाला अंगावरच्या गाठींनी हैराण केलं होतं, झरपटीच्या पात्रातल्या एका झऱ्याच्या पाण्यानं त्याला गुण आला आणि तिथंच शहर वसलं, अशी कथा इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. महाकालीचं आजचं मंदिर राणी हिराईनं बांधलं आणि यात्राही तिनंच सुरू केली, असं चंद्रपुरात सांगतात. हिराई ही बीरशहाची राणी. नवरा गेल्यावर तिनं राज्य सांभाळलं आणि अंचलेश्वराजवळ त्याची घुमटाची समाधी बांधली. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेला ताजमहाल सगळ्या जगाला माहीत आहे. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी पाहायला मात्र माणूस चंद्रपुरात येऊनही जात नाही.

मराठवाड्यातली माणसं इतक्या लांब का येतात, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. नकाशा पाहिला तर निम्मं उत्तर मिळतं. वर्धा नदी ही इथली जुनी सरहद्द. नदीच्या अलीकडे गोंड, मग भोसले, मग इंग्रज, पलीकडे निजाम. राजुरा हे गाव चंद्रपूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, पण ते आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद संस्थानात होतं. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडलं गेलं आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आलं. म्हणजे तीन वर्षं राजुरा कागदोपत्री मराठवाड्यातच होतं. निजामाच्या मुलखातली ही माणसं सरहद्द ओलांडून दुसऱ्या राज्यातल्या देवीला येत राहिली. वरची राज्यं बदलली, पायवाट तीच राहिली.

ती पायवाट कशी होती, हे मला हदगावकडच्या एका वृद्ध बाईनं सांगितलं. तिची सासू पायी येत असे. हिमायतनगर, किनवट, आदिलाबाद, मग कोरपना, गडचांदूर, राजुरा आणि वर्धा ओलांडली की बल्लारपूर. दहा-बारा दिवस लागायचे. दोन बैलगाड्या बरोबर असायच्या, पण त्या माणसांसाठी नव्हत्या. त्यात पीठ, भांडी, पाण्याचे डेरे आणि फार तर एखादी नऊ महिन्यांची लेकुरवाळी. मुक्काम ठरलेले. अमक्या गावची विहीर, तमक्याची आमराई, एखाद्या पाटलाच्या वाड्याची ओसरी. वाटेवरच्या प्रत्येक गावात एक घर असं असायचं, की जिथून चुलीसाठी पहिला विस्तव यायचा. “इस्तू मागाया जायाचं, मंग त्या घरच्या बाईची आन् आपली वळख व्हायची. पुढल्या साली ती वाट पाहायची,” ती म्हणाली. हे ऐकताना मला वाटलं, यात्रेचा अर्धा भाग त्या विस्तवातच होता.

आता बहुतेक माणसं रेल्वेनं, ट्रकनं, टेम्पोनं येतात. नांदेड-आदिलाबादमार्गे येणारी गाडी यात्रेच्या दिवसांत खच्चून भरते. त्यांना नावं ठेवण्याचं मला काहीच कारण नाही. शेतमजुरी करणाऱ्या बाईचा बारा दिवसांचा रोज बुडणार, तो कोण देणार? तरीही काही जथे अजून पायी येतात. कोणी नवस म्हणून, कोणी आजीचा शब्द म्हणून, कोणी नुसतंच सवय म्हणून. २०२० आणि २०२१ साली टाळेबंदीत यात्रा झाली नाही. त्यानंतर यात्रा पुन्हा भरली, पण पायी येणारे पूर्वीइतके मला दिसले नाहीत. दोन वर्षांचा खंड वाटेला फार असतो. म्हातारी माणसं गेली, की मुक्काम कुठं करायचा हेच कुणाला आठवत नाही.

वाट मरते ती अशी. आणि मेलेली वाट पुन्हा जिवंत होते का? होते. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण स्पेनमध्ये आहे, आणि ते मी जरा तपशिलानं सांगणार आहे, कारण आपल्या उपयोगाचं आहे.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सान्तियागो दे कोम्पोस्तेला नावाचं गाव आहे. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब याची कबर तिथं आहे, अशी ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा. नवव्या शतकात ती सापडली असं मानतात, आणि बाराव्या शतकापर्यंत युरोपभरातून माणसं तिथं पायी जाऊ लागली. फ्रान्सच्या सीमेवरून निघालं तरी पावणेआठशे-आठशे किलोमीटरची चाल. त्या काळात लिहिलेल्या एका लॅटिन ग्रंथात वाटेवरच्या नद्या, पाणी पिण्याजोगं कुठं, फसवणारे नावाडी कुठं, हेसुद्धा लिहून ठेवलेलं आहे. आपल्याकडे महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी कुठं बसले, कुठं उतरले याची बारीक नोंद आहे; माणूस गेल्यावर त्याची वाट लिहून ठेवावी ही ओढ दोन्हीकडे सारखीच.

पुढे धर्मसुधारणा झाली, लढाया झाल्या, रोगराई आली. १५८९ मध्ये इंग्रज आरमाराच्या धास्तीनं संताचे अवशेष लपवून ठेवले गेले आणि ते इतके चांगले लपवले, की जवळपास तीनशे वर्षं कुणाला सापडले नाहीत. १८७९ मध्ये पुन्हा मिळाले. तोवर वाट ओस पडली होती. विसाव्या शतकात स्पेनच्या लोकांना सान्तियागो माहीत होतं, पण तिथवर पायी जाणारा माणूस वेडा ठरत असे.

मग ओ सेब्रेइरो नावाच्या डोंगरातल्या खेड्यात एक पाद्री होता, एलियास वालिन्या. त्यानं या वाटेचा अभ्यास केला, जुन्या खुणा शोधल्या. आणि १९८४ साली तो आपली लहानशी मोटार घेऊन निघाला; बरोबर रस्त्यावर पट्टे मारायचा पिवळा रंग, कामगारांकडून उरलेला. जिथं वाट फुटते तिथं झाडावर, दगडावर, भिंतीवर त्यानं पिवळा बाण काढला. असा किस्सा सांगतात, की फ्रान्सच्या हद्दीजवळ शिपायांनी त्याला हटकलं, हे काय चाललंय म्हणून. तो म्हणाला, फ्रान्सकडून होणाऱ्या मोठ्या स्वारीची तयारी करतोय! १९८९ मध्ये तो वारला. स्वारी पाहायला तो राहिला नाही, पण ती झाली. १९८६ साली पायी चालून प्रमाणपत्र घेणारे अडीच हजारांच्या आसपास होते. १९९३ या त्यांच्या पर्वणीच्या वर्षी ते नव्याण्णव हजारांवर गेले. २०२४ साली जवळजवळ पाच लाख. बाण मात्र अजून तोच आहे, पिवळा.

बाण एकट्यानं काढला, पण पुढचं काम अनेकांनी केलं. एस्तेल्या या गावात वाटेच्या मित्रांची संघटना १९६२ पासूनच होती. तशा पुढे गावोगावी निघाल्या. जुन्या शाळा, चर्चचे रिकामे वाडे, पंचायतीच्या खोल्या यांत मुक्काम सुरू झाले. स्वस्त खाट, गार पाणी, सकाळी लवकर बाहेर. तिथं राबणारे पुष्कळजण स्वतः कधीतरी चालून गेलेले, आणि सुट्टीत पंधरा दिवस दुसऱ्यांचे पाय धुवायला आलेले. यात्रेकरूजवळ एक कागद असतो, प्रत्येक मुक्कामावर त्यावर शिक्का मारतात. शेवटचे शंभर किलोमीटर पायी चाललात तर प्रमाणपत्र. या शंभराच्या नियमामुळे आता एक निराळाच प्रकार झाला आहे. बरोबर शंभराच्या आसपास असलेल्या सारिया या गावापासून गर्दीच गर्दी. सामान टॅक्सीनं पुढे, माणूस मोकळ्या हातानं मागे. वाट जिवंत झाली की तिच्यामागून दुकानही येतंच. त्याला इलाज नाही.

एक गोष्ट मला मुसलमान म्हणून सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे बोलणं अर्धवट राहील. या संताचं एक रूप मातामोरोस म्हणून ओळखलं जातं. मातामोरोस म्हणजे मूरांना मारणारा. पांढऱ्या घोड्यावर बसलेला, हातात तलवार, घोड्याच्या टापांखाली पगडीवाले मुसलमान. क्लाविखोच्या ज्या लढाईत तो प्रकटला असं सांगतात, ती लढाई झालीच नव्हती असं आजचे इतिहासकार मानतात. पण मूर्ती तर झाली. उलट बाजूही आहे. ९९७ साली कुर्तुब्याच्या अल मन्सूरनं सान्तियागो जाळलं. कबरीला त्यानं हात लावला नाही, पण चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कुर्तुब्याला नेल्या, अशी परंपरा आहे. १२३६ मध्ये कुर्तुबा पडलं तेव्हा त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत आल्या. दोनशे एकोणचाळीस वर्षांनी घंटा त्याच वाटेनं परत, फक्त खांदे बदलले. २००४ साली माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बाँबस्फोट झाले. त्याच वर्षी सान्तियागोच्या कॅथेड्रलमधली ती मूर्ती हलवण्याची घोषणा झाली, मग लोकांनी आरडाओरडा केला, मग मूर्ती तिथंच राहिली आणि खालच्या मूरांची मुंडकी फुलांनी झाकली गेली. मला विचाराल तर फुलं हा काही वाईट तोडगा नाही. इतिहास पुसला नाही आणि येणाऱ्याच्या डोळ्यांत खुपसलाही नाही.

आणि आपण तरी कुठं फार निराळे? महाकालीच्या मंदिराच्या शिखराकडे नीट पाहा. तिथं दगडी मुंडकं आहे. बीरशहानं देवगडच्या राजाचा पाडाव करून त्याचं शिर देवीला वाहिलं, त्याची ती खूण, असं गोंड राजांच्या आख्यायिकेत आहे. लेकीला सासरी अपमान सोसावा लागला म्हणून बापानं ही लढाई केली म्हणतात. लढणारे दोघेही गोंड. पुढे देवगडच्याच बख्त बुलंदनं इस्लाम स्वीकारला आणि नागपूर शहर वसवलं. म्हणजे ते मुंडकं नेमकं कुणाच्या पूर्वजाचं, हा हिशेब काढायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. मराठवाड्याची बाई तो काढत नाही. ती खाली वाकून भुयारातून देवीकडे जाते, कपाळ टेकते, बाहेर येऊन चुलीला लागते.

या लोकांबरोबर राजुऱ्यापासून चंद्रपूरपर्यंत मी गेल्या काही वर्षांत तीनदा चाललो. पहाटे तीनला निघावं लागतं. चैत्रातही आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो, दहानंतर डांबर चपलेला चिकटतं. पूर्वी जंगलातून गेलेली ही वाट आता कोळशाच्या आणि सिमेंटच्या मुलखातून जाते. रात्रभर ट्रक धावतात. माणसानं चालायचं ते साइडपट्टीवरून, आणि साइडपट्टी म्हणजे मुरूम, काचा आणि ट्रकमधून सांडलेला कोळसा. रुंदीकरणात कडुनिंब गेले, चिंचा गेल्या. जे झाड लावलं जातं ते दुभाजकात. तिथं ते शोभेला बरं दिसतं, सावली मात्र दोन्ही बाजूंच्या ट्रकवर पडते. वर्ध्याच्या पुलावर उजाडलं, तेव्हा एक बाई खाली पात्राकडे हात जोडून थांबली. तिच्या सासूला पूल माहीत नव्हता म्हणे. गुडघाभर पाण्यातून जायची.

त्याच जथ्यातल्या एका म्हातारीनं मला विचारलं, “भाऊ, कोन्या गावचे तुमी?”

“इथलाच, मावशी. चंद्रपूरचा.”

“मंग पायी कामून?”

“तुम्ही चालता कशा ते पाहायला.”

नाव विचारलं, मी सांगितलं. ती जरा थांबली. “आमच्या गावात बी सवाऱ्या बसत्यात मोहरमाला. आमच्या दारापुढून जातात,” म्हणाली. आणि डोक्यावरचं बोचकं उतरवून माझ्या हातात दिलं. “घ्या जरा. मान भरून आली.”

बामणीपर्यंत ते बोचकं माझ्याकडे होतं. त्यात ज्वारीचं पीठ, एक तवा आणि देवीसाठीची साडी. तवा सगळ्यात जड. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यावर असतो, हे आपल्याला वर्तमानपत्रं दरवर्षी कौतुकानं सांगतात. या बाईला ते वर्तमानपत्र मिळालं नसणार. तिचा प्रश्न मानेचा होता.

पालखीचं नाव निघालं म्हणून सांगतो, पंढरीची वारी तरी आज दिसते तशी आपोआप झाली का? ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचा शिस्तीचा थाट एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिला. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले. ते घोडे अजून येतात. दिंड्यांचे क्रम, मुक्काम, रिंगण, सगळं कुणीतरी बसून ठरवलं. आमच्या महाकालीच्या वाटेला हैबतबाबाही मिळाला नाही आणि वालिन्याही. ही गरिबांची वाट आहे. तिच्यावर मानकरी नाहीत, मंत्री नाहीत, आकाशातून फुलं टाकणारं हेलिकॉप्टर नाही.

गडचिरोलीकडे वळलो तर आणखी एक जुनी वाट आहे, मार्कंड्याची. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर, जिथं नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, तिथं मध्ययुगातला मंदिरांचा समूह आहे. कनिंगहॅमसारखा पुरातत्त्वज्ञ १८७०च्या दशकात तिथं येऊन थक्क झाला होता. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी मुख्य मंदिराच्या शिखरावर वीज पडली, ते कोसळलं, पुढे गोंड राजानं डागडुजी केली. अलीकडे पुरातत्त्व खात्यानं दुरुस्तीसाठी दगड उतरवले आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. महाशिवरात्रीला तिथं मोठी यात्रा भरते. पूर्वी सावली, मूल भागातली माणसं बंडीनं, रेंगीनं, नाहीतर पायी जंगलातून यायची आणि नदी डोंग्यानं ओलांडायची. माघाच्या अखेरीस पात्र उतरलेलं असतं, मधे वाळूचे पट्टे उघडे पडतात, आणि पलीकडच्या काठावरून माणसांची ओळ येताना दिसते. चंद्रपूर जिल्ह्यातून पाण्यात शिरायचं आणि गडचिरोली जिल्ह्यात पाय कोरडे करायचे.

इथली अडचण मात्र स्पेनच्या पाद्र्याला सुचलीही नसती. ती म्हणजे वाघ. ब्रह्मपुरी, सावली, मूल, सिंदेवाही या पट्ट्यात दरवर्षी माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात; बहुतेक मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण आणायला गेलेली. अशा जंगलातून भक्तांनो, पायी चला, असं मी रेडिओवरून सांगणार नाही. तिथं रस्त्यानंच जावं, घोळक्यानं जावं, उजेडी जावं. आपल्या जंगलांत वाघ टिकला याचा मला आनंद आहे, पण त्याची किंमत कोण मोजतं हे शहरात बसून विसरता येतं. वाटेचा प्रश्न हा वनखात्याचाही प्रश्न आहे, एवढंच इथं म्हणतो.

महाकालीच्या वाटेवर वाघाची सबब नाही. तिथं लागतं ते अगदी थोडं. राजुरा ते चंद्रपूर या टप्प्यात पाच-सहा ठिकाणी पिण्याचं पाणी. टँकर नव्हे, नळ, वर्षभर चालणारा. रस्त्याच्या कडेला, दुभाजकात नव्हे, कडुनिंबाची रांग. दोन शाळांचे व्हरांडे त्या दहा दिवसांपुरते रात्री उघडे. बायकांसाठी आडोसा; याबद्दल कुणी बोलत नाही, पण पायी येणाऱ्या बाईला सगळ्यात आधी तोच हवा असतो. आणि वाट जिथं फुटते तिथं खूण. पिवळा रंग नको असेल तर चुना चालेल. रस्ता ओलांडायच्या जागी रात्री दिवा. याला आराखडा लागत नाही, भूमिपूजन लागत नाही.

आपल्याकडे पैसा खर्च होतो तो शेवटच्या टोकाला. घाट, कमान, सभामंडप, वाहनतळ. २०२२ साली एप्रिलमध्ये सिरोंच्याला प्राणहितेचा पुष्कर झाला. बारा वर्षांनी येणारी पर्वणी, तेलंगणातूनही लोक आले. गाड्या उभ्या करायला जागा, स्नानाला घाट, हे करावंच लागतं. माझी तक्रार नाही. पण गाडीनं येणाऱ्याला एकच ठिकाण लागतं आणि पायी येणाऱ्याला प्रत्येक पाच किलोमीटरवर एक. तो दुसरा हिशेब कुणाच्याच टेबलावर नसतो. झरपटीचं उदाहरण घ्या. ज्या पाण्यानं राजाच्या गाठी गेल्या त्या नदीत आज इकॉर्निया आणि सांडपाणी. यात्रेकरूंना अंघोळीसाठी तात्पुरते शॉवर लावून देतात. नदीच्या काठावर, नदीकडे पाठ करून, शॉवरखाली स्नान! मराठवाड्याच्या बायका तरीही शॉवरची अंघोळ झाली की वाकून नदीचं पाणी बोटानं डोळ्यांना लावतात.

हे कोण करणार, असं मला लोक विचारतात. चंद्रपूरनं तरी हे विचारू नये. या शहराला गोंडकालीन परकोट आहे, सुमारे अकरा किलोमीटरचा. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. त्यावर झुडपं माजली होती, कचऱ्याचे ढीग पडले होते. २०१७ साली मार्चमध्ये बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेची मुलं फावडी-घमेली घेऊन रोज सकाळी तिथं जाऊ लागली. महिनोन्‌महिने. बुरूज उघडे झाले, तटावरून चालता येऊ लागलं. जे तटावर झालं ते रस्त्याच्या कडेला होणार नाही, असं मानायला मी तयार नाही. पंचवीस-तीस किलोमीटर म्हणजे परकोटाच्या अडीच-तीनपट, आणि त्यात झुडपं तोडायची नाहीत, लावायची आहेत.

स्पेनच्या वाटेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मध्ययुगातला यात्रेकरू सान्तियागोला पोचला की त्याची अर्धीच यात्रा झालेली असे, कारण घरी परतही पायीच जायचं असे. आजचा माणूस विमानानं परततो. त्यामुळे पिवळे बाण सगळे एकाच दिशेचे आहेत. उलट जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. आमच्याकडेही तसंच आहे. हदगावच्या बाईची सासू येतानाच्या बारा दिवसांइतकेच जातानाही बारा दिवस चालत असे, आणि जाताना ज्या घरातून विस्तव घेतला होता तिथं देवीचा अंगारा देत असे. आता पायी आलेलेही पौर्णिमा झाली की रेल्वे धरतात. स्टेशनवर बोचकी, तवे आणि झोपलेली पोरं यांचा ढीग लागतो, आणि दोन दिवसांत झरपटीचा काठ रिकामा होतो. उरतात ते तीन-तीन दगडांचे काळे पडलेले चुल्हे. ते कुणी हलवत नाही. पावसाळ्यात काही वाहून जातात, काही गाळात रुततात, आणि पुढच्या चैत्रात जो आधी पोचतो तो गाळ खरवडून तेच दगड शोधून काढतो.